शाइस्ताची अर्धी पदवी

शाइस्ता बाळापुरात आमच्या शेजारच्या घरात वाढली. तिच्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे हाताळली, स्वतः फारसे काही लिहिले नाही. हिच्याबद्दल कोणीतरी जाणत्याने लिहायला हवे होते. पण जे लिहू शकतात त्यांना ही हकिकत माहीत नाही, म्हणून मीच प्रयत्न करतो. कुठे कमी-जास्त झाले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

बी. ए. झाल्यावर तिने अमरावतीला एम. ए.साठी प्रवेश घेतला. विषय होता चित्रपट आणि सर्जनशील लेखन, दोन्ही मिळून एकच पदवी. बाळापुरात ती फक्त लेखन म्हणायची. फिल्म शिकते म्हटले असते तर मामला घराबाहेरच्या ओट्यावर चर्चेला गेला असता. अमरावतीच्या वसतिगृहात मात्र ती फक्त चित्रपट म्हणायची, कारण लेखन म्हटले की मुली हमखास विचारत, "तू उर्दू शाळेतली ना? मग मराठी कशी काय लिहितेस?"

दुकानात एकदा माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाने तिच्या वडिलांना विचारले, "चाचा, पोट्टी काय शिकून राहिली?"

"लिहायले."

"अन् मंग पयलीपासून काय शिकली?"

वडील हसले. चाकातली हवा तपासत राहिले.

सुट्टीत आली की ती माझ्याकडे बसायची. वर्गात काय चालते ते सांगायची. "काका, लेखनाचे सर म्हणतात, माणसाच्या मनातलं लिही. फिल्मच्या मॅडम म्हणतात, मनातलं कॅमेऱ्याले दिसत नाही, ते काढून टाक. मी दोघायचंही ऐकतो. मंग पानावर काहीच उरत नाही." पण हे सांगताना तिचा चेहरा खुललेला असायचा. कशाचा तरी इतका आनंद झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक कथा लिहायची आणि त्याच कथेवर छोटी फिल्म करायची असा नियम होता. कथेचे गुण वेगळे, फिल्मचे वेगळे, पण दोन्हींत पास झाल्याशिवाय पदवी नाही. शाइस्ताने एका साठीच्या बाईची कथा लिहिली. या बाईचा प्रत्येक फोटो कोणाबरोबर तरी काढलेला असतो, आईबरोबर, नवऱ्याबरोबर, पोरांबरोबर. एक दिवस ती कोणाला न सांगता नटूनथटून स्टुडिओत जाते आणि एकटीचा फोटो काढून घेते. बस, एवढीच कथा. मला ती आवडली, पण माझ्या आवडीला काय किंमत!

ही बाई झाली तिची अनवरी खाला, आईची मोठी बहीण. तिचे घर त्याच मोहल्ल्यात. नवरा इनायतुल्ला गाद्या-रजया भरायचा. घराच्या अर्ध्या भागात इनायतुल्लाचा धाकटा भाऊ वकार त्याच्या बायकापोरांसह राहतो. खालाला मूलबाळ नाही. कॅमेऱ्यासमोर उभी राहशील काय, असे शाइस्ताने विचारले तेव्हा खाला म्हणाली, "मले काय धाड भरली? पण डायलॉग मी माझ्या मनानं बोलीन. तुझं ते किताबी मले जमत नाही."

फोटोग्राफरचे काम माझ्या गळ्यात पडले. एकच वाक्य होते, 'चेहरा थोडा वर करा, बाई.' ते मी खाली बघत म्हणायचो. शाइस्ता पुन्हा घ्यायची, मी पुन्हा खाली बघायचो. खाला शेवटी वैतागली. "भाऊ, चेहरा मी वर करायचा की तुमी?" इनायतुल्ला गादीच्या खोळीचे पांढरे कापड ताणून उन्हाकडे धरून उभा होता, बायकोच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. तो इतका हसला की कापड हातातून सुटले. खालाने हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, डोळ्यांत सुरमा होता, डोक्यावरचा पदर जरा मागे सरकला होता. खरोखर ती फार छान दिसत होती.

फिल्म जोडून तयार व्हायच्या सुमारास इनायतुल्लाच्या छातीत दुखले. वकारने त्याला अकोल्याला नेले. दवाखान्यात भरती केले, रात्रंदिवस जवळ बसला, पण इनायतुल्ला परत आला नाही.

खाला इद्दतीत बसली. नवरा वारला की त्यांच्यात बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचे असते. दागिना नाही, बांगडी नाही, सुरमा नाही, परक्या पुरुषासमोर येणे नाही. खालासाठी आतली खोली ठेवली, दाराला पडदा लावला.

आणि फिल्म दाखवायची तारीख या महिन्यांच्या मधोमध पडली. विभागाने सगळ्या फिल्मांची जाहिरात मोबाइलवर पाठवली. त्यात खालाचा फोटो होता. बांगड्यांचा हात गालाशी, आणि हसू.

तो फिरत फिरत वकारच्या मोबाइलवर आला. वकार मोबाइल हातात घेऊनच शाइस्ताच्या घरी आला. तिच्या वडिलांनी मला बोलावून घेतले, कारण मीही त्या फिल्ममध्ये होतो.

"हे काय आहे?" वकारने विचारले. "माझ्या भावाच्या कबरीची माती वायली नाही अजून. अन् भाभी अमरावतीत पडद्यावर हसून राहिली?"

शाइस्ता त्याला मानाने मामूच म्हणायची. ती म्हणाली, "वकार मामू, हे आधीचं आहे. इनायतुल्ला खालूनं स्वतः उजेड धरला होता."

"पायणाऱ्याले काय माहीत आधीचं का नंतरचं? तू प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगशील?"

शाइस्ता मौलानांनाही विचारून आली होती. जे आधी घडले त्याला इद्दतीचे बंधन कसे लागेल, असे ते म्हणाले होते. वकारने ते ऐकून घेतले. "मौलाना बाहेरगावचे आहेत. वर्षभरानं दुसरीकडं जातीन. तोंड आमाले दाखवायचं आहे." मग त्याचा आवाजच बदलला. "भाई गेला तेव्हा माझा हात धरून होता. भाभीले सांभाळ म्हणे. मी असं सांभाळू काय?" आणि तो रडू लागला. रडणाऱ्या माणसाशी वाद कसा घालणार?

"खालाले एकदा विचारू काय?" शाइस्ता हळूच म्हणाली.

तिची आईच पुढे झाली. "खबरदार! ती आधीच दुःखात आहे. तिच्या कानावर हे काही घालायचं नाही." ते सगळ्यांना पटले. वकारला पटले, वडिलांना पटले, मलाही पटले. त्या घटकेला ते माणुसकीचेच वाटत होते.

शाइस्ताने लॅपटॉप आणला आणि वकारच्या समोर खालाचे सगळे चित्रण पुसले. "अजून कुठं आहे?" त्याने विचारले. जास्तीची प्रत ठेवायच्या हार्ड डिस्कच्या डबीतलेही तिने पुसले. विभागाच्या कॅमेऱ्याची कार्डे केव्हाच पुसून दुसऱ्या मुलांकडे गेली होती. वकार जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

दोन दिवसांनी तिच्याबरोबर मी अमरावतीला गेलो. तिच्या वडिलांना दुकान सोडता येत नव्हते. विभागात रागिणी मॅडम भेटल्या, फिल्म शिकवणाऱ्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला चहा पाजला, सगळे ऐकून घेतले. तारीख पुढे ढकलणे त्यांच्या हातात नाही म्हणाल्या. मग एकदम पुढे झुकल्या.

"शाइस्ता, तू आत्ता मला जे सांगितलंस ना, तीच फिल्म आहे. तुझे ते मामू, तो पडदा, पुसायला लावलेलं फुटेज. कॅमेरा घेऊन जा आणि हेच शूट कर. तुझ्या वर्गातली प्रतीक्षा येईल तुझ्यासोबत. मी सांगते, ही फिल्म बाहेरच्या महोत्सवांत जाईल."

"मॅडम, ही माझी कथा नाही."

"तुझीच तर आहे!"

"माझ्या घरची आहे. माझ्या कथेतली बाई फोटो काढायले जाते. तिले कोणी अडवत नाही."

"पण खऱ्या आयुष्यात अडवलं ना? त्यावर बोल. घाबरतेस काय?"

शाइस्ताने मान खाली घातली. "वकार मामू रडले होते, मॅडम. ते मी कसं दाखवू? दाखवलं तं लोकं फक्त त्यायची दाढी पायतीन."

मॅडमनी चहाचे कप बाजूला सारले. मग म्हणाल्या, "बघ बाई. मी मार्ग सांगितला."

फिल्ममध्ये खालाची जी जी जागा रिकामी झाली होती तिथे शाइस्ताने इनायतुल्लाच्या कापडाचे चित्रण घातले. नुसते पांढरे कापड उन्हात हलते आहे, आणि त्यावर तिच्या कथेतली वाक्ये एकामागून एक उमटतात. मधेच मी येतो आणि कोणीही समोर नसताना 'चेहरा थोडा वर करा, बाई' म्हणतो. दाखवताना मुले हसली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, हे वाचन आहे, चित्रपट नाही. कथेला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. फिल्ममध्ये ती नापास झाली. म्हणजे पदवीत नापास. लेखनात पहिली आलेली मुलगी नापास झाल्याचे मी तरी पहिल्यांदाच ऐकले.

खालाची इद्दत संपली तेव्हा बहिणीने तिला नवे कपडे नेले आणि जेवायला घरी आणले. मलाही बोलावले होते. खाला वाळली होती, पण आल्या आल्या तिने शाइस्ताला जवळ ओढले. "चल, लाव आता माझी पिक्चर. घरात कोणी नाव काढत नव्हतं, म्हणलं मी इद्दतीतून उठल्यावर दाखवतीन. पडून पडून तेच याद करत होती, कुठं काय बोलली, हे कुठं हसले."

शेवटी शाइस्तानेच सांगितले. जाहिरात, वकार, मौलाना, पुसणे, सगळे सांगितले.

खालाने शेवटपर्यंत ऐकले. "मौलानाले इचारलं?"

"हो."

"मॅडमले इचारलं. या भाऊले इचारलं. अन् मी पडद्याच्या मांगं बसली होती तं माझी जबान गेली होती काय?"

"खाला, तू दुःखात..."

"दुःखात होती, म्हणून तं ती पिक्चर मले पाहिजे होती!" खाला ओरडली. "वकारचं सोड. वकार अडाणी आहे, त्याले भाऊ दिसला. तू तं शिकली होती ना? बाईच्या मनातलं लिहायले गेली होती ना अमरावतीले?"

शाइस्ताने तिचे पाय धरले. खालाने पाय ओढून घेतले आणि जेवण तसेच टाकून घरी गेली.

फिल्मचा भाग पुढच्या वर्षी पुन्हा देता येतो, असे विभागाने कळवले होते. शाइस्ता खालाकडे तीनदा जाऊन आली. पुन्हा बांगड्या भर, पुन्हा करू, म्हणून विनवले. खालाने दार उघडले नाही. दुसऱ्या कोणा बाईला घेऊन फिल्म करायला शाइस्ता तयार नव्हती. ती मुदत निघून गेली. आता ती अकोल्याला लग्नाचे व्हिडिओ जोडून देण्याच्या कामावर आहे. शनिवारी रात्रीच्या बसने घरी येते. लिहितेस काय, असे मी एकदा विचारले. "काका, कोणाचं लिहू?" म्हणाली आणि आत गेली.

खाला वकारशी बोलते. राहायचे त्याच घरात आहे, औषध-पाणी तोच आणून देतो. ईदला तिने त्याच्या मुलांना नवे कपडे शिवले. शाइस्ताशी मात्र ती अजून बोललेली नाही.