ढगांची उंची मोजणारी

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. शेंडेफळ म्हणून लाडावलेली आणि सदा कुठेतरी हरवलेली. इकडे दूध उतू जायचं आणि ही खिडकीतून ढग बघत उभी. हिचं सासरी कसं व्हायचं, हा आईच्या जिवाला घोर. पण धाकटी सासरी गेलीच नाही. लढाई पेटली आणि बाविसाव्या वर्षी सैन्याच्या हवामान तुकडीत नाव नोंदवून ती समुद्रापार गेली. बंदरावर वडिलांनी तिच्या ट्रंकेची दोरी तीनदा सोडून बांधली.

विमानतळाच्या कडेला पत्र्याची खोली, दुर्बीण आणि दोन तापमापक, एक कोरडा, एक ओल्या फडक्यातला. दर तीन तासांनी लाल फुगा सोडायचा आणि तो ढगात शिरेपर्यंत डोळा हलवायचा नाही, हे तिचं काम. किती मिनिटांत दिसेनासा झाला, त्यावरून ढगांची उंची काढायची. फुगा वर जात जात मोहरीएवढा होई. बघता बघता तिचे पाय जमिनीवरून सुटत, लढाई कुठल्या कुठे खाली राही. वैमानिक तिला ढगूताई म्हणत.

एका सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. पलीकडच्या आघाडीवरून जखमींना आणायला नऊ विमानं तयार होती. पण फुगा नेहमीची वाट सोडून किनाऱ्यापासून आतल्या बाजूला सरकला. वारा वळून आता समुद्रावरून येत होता, आणि दोन्ही तापमापकांतला फरक भराभर मिटत होता, म्हणजे हवेत ओल भरत होती. ती धावतच अधिकाऱ्याकडे गेली.

"बाहेर ऊन दिसतंय ना?" त्याने विचारलं.

"दिसतंय, साहेब. पण दोन तासांत धावपट्टी दिसणार नाही."

"आणि धुकं आलंच नाही तर?"

"तर मला घरी पाठवा."

विमानं थांबली. तासभर आभाळ तसंच निरभ्र. वैमानिक पंखांच्या सावलीत पत्ते खेळत होते, मधूनच तिच्याकडे बघत होते. धुकं यावं म्हणून ती मनात धावा करत होती, आणि तिकडे माणसं वाट बघत असतील म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती.

मग ते आलं. कुणी कापूस पिंजत यावं तसं, बिनआवाज. आधी कुंपण गेलं, मग शेपट्या, मग पंख. एक वैमानिक चाचपडत तिच्याजवळ आला. "आत्ता आम्ही परतीच्या वाटेवर असतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दुपारी विमानं एकतीस जखमी घेऊन आली. आणखी दोघे जखमी तिकडे विमानांची वाट बघतानाच दगावले होते.

लढाई संपल्यावर ती परतली आणि जन्मभर हवामान कचेरीत राहिली. लढाईत काय केलंस, असं भाचरांनी विचारलं की सांगायची, "फुगे सोडत होते." मुलं खो खो हसायची, तीही हसायची. त्या दोघांबद्दल ती एकदाच बोलली, थोरल्या बहिणीपाशी.

"अगं, नऊ विमानं वाचवलीस की तू," थोरली म्हणाली.

"वाचली ना," ती म्हणाली. "पण त्या दोघांची नावं मी विचारायला हवी होती."

थोरलीने तिच्या कपात आणखी चहा ओतला आणि ती शेजारी बसून राहिली.