बाळूचं झाकण

माझ्या फजित्या तलवाड्यात कुणाला ठाऊक नाहीत? बोटीवर पहिल्याच दिवशी ओकलो ते कॅप्टनच्या बुटावर, हे मीच रंगवून सांगतो. पण एक गोष्ट — ही बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतोय.

आमचं जहाज मुद्दाम बुडायचं. हसू नका. टाक्यांत समुद्राचं पाणी घ्यायचं, अख्खा डेक पाण्याखाली न्यायचा, त्याच्यावर एखादा अवजड तराफा तरंगत आणायचा. मग पाणी उपसत, तो पाठीवर घेऊन उठायचं — डोहातल्या म्हशीसारखं.

बुडण्याआधी डेकवरचं प्रत्येक झाकण आवळलेलं पाहिजे. ते तपासून कळवायचं काम माझं. पालीचा बाळू — त्याला नोकरीला मीच लावलेलं — एका झाकणाचे बोल्ट हातानं बसवून म्हणाला, "दादा, मला पंपावर बोलावलंय. तेवढे पान्यानं आवळा." मी हो म्हणालो. आणि — काय सांगू? चहा आला होता. कुणाला तरी किस्सा सांगत होतो. वॉकीटॉकीवर कळवून टाकलं, सगळी झाकणं घट्ट.

डेक पाण्याखाली गेला आणि जहाज एका अंगावर कलायला लागलं. जिथं पाणी जायला नको, त्या कप्प्यात ते शिरत होतं. बुडवणं थांबवलं, पंप लावून कसंबसं सावरलं. कुणी मेलं नाही. मग चौकशी — ते झाकण कुणी लावलं? बाळूनं माझ्याकडं पाहिलं. मी समुद्राकडं. पुढच्या बंदरात त्याला उतरवून घरी धाडलं.

एवढ्यावर तरी थांबलो का? गावी येऊन मी त्याचा किस्सा केला. 'बाळूचं झाकण.' लोक अजून फर्माईश करतात — लग्नात काय, तेराव्याला काय.

परवा बाळूच्या पोरीची सुपारी फुटली. पंगतीत मुलाच्या बापानं मला गळ घातली, आणि मी सांगितला. नेहमीपेक्षा बराच रंगला. हसून हसून डोळे पुसत ते व्याही बाळूकडं वळले, "खरं हाय का ओ, इवाई? बोट बुडवलती तुमी?"

बाळू माझ्या पानात बुंदी वाढत होता. दारात पोरगी उभी होती. तिच्याकडं त्यानं एकदा पाहिलं.

"हाय की," म्हणाला. "दादा तितंच होते."

सगळे हसले. मीही हसलो — सगळ्यांत मोठ्यानं.