प्रसादाच्या टेबलावरचा केक

प्युरिटन या जुन्या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मला शिसारी बसली ती मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे. जर्सी सिटीहून ड्राइव्ह करत आम्ही मॅसॅच्युसेट्समधलं त्यांचं जुनं गाव बघायला गेलो. गाइड सांगत होती: स्वर्गात कोण जाणार हे देवाने आधीच ठरवून ठेवलंय, अशी त्यांची श्रद्धा. आपला नंबर लागलाय का, ते कळायला पक्का मार्ग नाही. मग काय, शेजाऱ्यावर डोळा ठेवून बसायचं. नाताळ साजरा करायचा नाही. आणि काही चुकलं, तर भर प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं.

"किळसवाणी माणसं!" परतताना मी गाडीत भाषण ठोकलं. "देवाच्या नावाखाली माणसाची चारचौघांत अब्रू काढायची!"

मुलीने ते वहीत उतरवून घेतलं.

पुढच्याच शनिवारी आमच्या मराठी मंडळाचा गणपती. शाळेचा हॉल, दीडशे माणसं आणि प्रसाद कमिटीचा प्रमुख म्हणून माझ्या कुर्त्यावर बिल्ला. आमच्याकडे प्रसाद घराघरांतून येतो. टेबलावर मोदकांशेजारी मला चॉकलेट केक दिसला. मी तो वाकून हुंगला. हो, हुंगला! माईक हातात होताच.

"हा केक कोणाचा? एगलेस आहे ना?"

मागच्या रांगेतून एक तरुणी उठली. लग्न होऊन नागपूरहून नुकतीच आलेली, मंडळात पहिल्यांदाच. शेजारी सासू.

"सॉरी काका. अंडं आहे. नेहमीसारखा केला, लक्षातच नाही आलं."

"अहो, बाप्पाला ऑम्लेटच आणायचं की मग!"

लोक हसले. मला ते हसणं आवडलं, हे लिहितानाही तोंड कडू होतं. सासूने मान खाली घातली.

"बाबा," शेजारी उभ्या माझ्या मुलीने विचारलं, "नाऊ व्हेअर डू वी मेक हर स्टँड? लाइक द प्युरिटन्स?"

तोवर ती केक उचलून सासूबरोबर बाहेर पडली होती. मी पार्किंगकडे धावलो. ती डिकीत केक ठेवत होती, सासू आधीच गाडीत बसली होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"इथे कोणाला सांगताय, काका? ऐकणारे सगळे आत आहेत."

खरं होतं. "थांबा," म्हणालो आणि आत आलो. माईक घेतला. दीडशे तोंडं माझ्याकडे वळली. घसा खाकरला आणि मी जाहीर केलं, "आरतीनंतर जेवणाची रांग डावीकडून लावावी."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.