धुतलेले बस्ते

रशीदचाचा आज पहाटे गेले. त्यांचं काम मी बिघडवलं होतं.

निजामाच्या काळातले जमिनीचे उर्दू कागद वाचू शकणारे आमच्या ऑफिसात ते एकटेच. रिटायर झाल्यावरही शहागंजातून सायकलवर यायचे.

प्रत्येक गावाचे कागद एका कापडात बांधलेले. त्याला बस्ता म्हणतात.
आतल्या पानांवर शेतकऱ्यांची नावं. गावाचं नाव मात्र फक्त कापडाच्या कोपऱ्यावर, शाईनं.

स्कॅनिंगचं प्रोजेक्ट आलं तेव्हा रेकॉर्ड रूमचा प्रमुख मी होतो.

चाचांनी एकच मागितलं. ईद होऊ द्या, मग मी मशीनजवळ बसतो. तोवर एकही बस्ता सोडू नका.
मी हो म्हणालो.

मग वरच्या साहेबांचा फोन आला. पाहणी आहे, काम सुरू दिसलं पाहिजे.

मी बस्ते सोडायला लावले. कागद मशीनवर गेले.
कापडं फार मळकट दिसत होती. गावच्या शाळेत गुरुजींनी टापटीप शिकवलेली.
मी ती धोब्याकडे पाठवली.

ईदनंतर चाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. मागच्या अंगणात दोरीवर कापडं वाळत होती.
एकेका कापडाचा कोपरा हातात घेऊन बघत गेले.

"साहब, गावं धुतली की हो तुम्ही."

एवढंच. डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि कामाला बसले.

पुढं दोन वर्षं ते पटवाऱ्याच्या अक्षरावरून गाव ओळखत राहिले.
"हा कन्नड तालुक्याकडचा. अक्षरांवर नुक्ते, टिंबं द्यायचा लई कंटाळा याला," म्हणून हसायचे.
निम्मी गावंही झाली नाहीत. त्याआधीच चाचांचे डोळे गेले.

त्यांच्या हाताखाली दोन पोरं शिकायला द्या, असं मी साहेबांना एकदा म्हणालो. आता मशीन आहे ना, म्हणाले.
मी पुन्हा विचारलं नाही. काम पूर्ण झाल्याच्या रिपोर्टवर सही माझीच आहे.

काल फुलंब्रीकडचे एक धनगर बाबा आले होते. आज्याचं नाव कागदात बघायचं होतं. स्क्रीनवर हजारो पानं, गावाचा रकाना कोरा.
सापडत नाही म्हणालो.
"व्हय, तुमी तरी काय करणार," म्हणाले आणि काठी उचलून गेले.

चाचा, दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर तुमच्या मातीला येतोय.
सकाळी देवापुढं बसलो. स्वतःसाठी माफी मागवेना. तुमच्यासाठी शांती मागितली.
अखेरचा सलाम.