आईच्या केकवर दोन नावं

मीरा रोडच्या घरी काल सुनेनं व्हॅनिलाची बाटली उघडली आणि मला उत्तनचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. एकाहत्तर-बाहत्तर साल असेल, मी सतरा वर्षांची होते. बाबा त्या पावसाळ्यात तापानं गेले होते आणि डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती.

"केक कर," आई म्हणाली. "साधाच, पांढरा."

अंड्यातलं पांढरं आणि दळलेली साखर फेटून मी पहिल्यांदाच आयसिंग केलं. कागदाचा कोन करून त्यात ते भरलं. कडेनं बारीक ठिपके काढले आणि मधोमध आईचं नाव लिहिलं.

तिनं पाहिलं. "बाबाचं नाव कुठं हाय?"

"आई, बाबा आता न्हाय."

"लगीन दोघांचं झालं व्हतं."

उरलेल्या जागेत मी कसंबसं 'पास्कल' लिहिलं. शेवटचं अक्षर कडेवरून घसरलं. आई त्या नावाकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिली. दुःखानं तिचं डोकं फिरलंय, असं तेव्हा मला वाटलं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या लग्नाचा वाढदिवस आला, आमचे हे गेल्यानंतरचा पहिलाच. मला त्रास नको म्हणून घरात दिवसभर कोणी यांचं नावही काढलं नाही.