डाव्या काठाची पाकळी

त्यांना सगळे मोजणीमास्तर म्हणत. दोन माणसांच्या रुंद मागावर मास्तर उजवीकडे, खिडकीशी बसत आणि बायको डावीकडे. गडद तपकिरी पडद्यांच्या काठांवर दोघं वेल भरत. आडव्या धाग्याचा धोटा एकदा फिरला, की ताण्याचे उभे धागे मोजून त्यांच्याखालून रंगीत रेशीम ओवायचं, मग पुन्हा धोटा. पाकळीला सात धागे. मास्तरांचे सात म्हणजे सातच. बायकोची अगदी कडेची पाकळी मात्र बहुतेक वेळा सहावरच आटपायची. "डोळे उघडे ठेवून विण," हे मास्तरांनी तिला तीस वर्षांत इतक्यांदा ऐकवलं, की मागालाही पाठ झालं असावं. ती नुसती "बरं" म्हणे.

पडदा अर्धा झाला आणि ती तापाने गेली. चार दिवसांत खेळ आटोपला.

दुकानदार भेटायला आला, चार शब्द चांगले बोलला, पण धंद्याला पक्का. जुन्या-नव्याचा जोड दिसता कामा नये, दिसला तर जुना भाग कापून टाका आणि सगळं नव्याने विणा, म्हणाला. आजवरचे सगळे पडदे परक्यांच्या घरी गेले होते. तिच्या हातचं डोळ्यांसमोर उरलं होतं ते एवढंच, आणि त्याला कात्री लावायची?

मग ते आयुष्यात पहिल्यांदा तिच्या जागेवर बसले. धागे स्वच्छ दिसत होते. सवयीने मोठ्याने "सात" म्हणून गेले, आणि पलीकडून येणारा तिचा नेहमीचा हुंकार आला नाही. घर खायला उठलं होतं. पाकळी सातवर भरली, ती शेजारच्या काठाला परकी दिसली. उसवली. मुद्दाम सगळ्या सहावर भरल्या, तरी मेळ बसेना, कारण तिच्या काठात मधेच एखादी पाकळी पुरी सातची असे. ती कधी आणि का, हे विचारायचं कोणाला? जन्मभर अचूक मोजलेल्या माणसाला चूक काही जमेना. तीन दिवस ते विणत आणि उसवत राहिले.

चौथ्या दिवशी लेक त्यांना न्यायला आली. चहा घेऊन ती सहज खिडकीशी, मास्तरांच्या जागेवर बसली आणि सांगू लागली, की एवढं संपलं की माझ्याकडे राहायला या, इथे एकटे काय करणार. मास्तरांचं लक्षच नव्हतं. डाव्या काठावर तिची सावली पडली होती. कडेचे धागे तपकिरी अंधारात एकमेकांत मिसळून गेले होते. त्यांनी बोटांनी चाचपून रेशीम ओवलं. सहा.

मधल्या त्या पुऱ्या पाकळ्या म्हणजे मास्तर पाण्याला, चहाला उठून गेलेल्या वेळा.

"उजेड अडला का बाबा? उठते मी."

"बस तिथेच," मास्तर म्हणाले. "तुझी आई तीस वर्षं अशीच विणत होती. आणि मी तिथे बसलेलो."

तिने एकदा तरी सरका म्हणायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं. मग लक्षात आलं, की मास्तरांना काही सांगायची सोय तिला कधी नव्हतीच.