ज्वारीत ठेवलेल्या वड्या

सातवीनंतर शाळा सोडून मी विट्याजवळच्या गावातून हैदराबादला मामाच्या गलाईच्या दुकानात गेलो. सोनं गाळताना निघणाऱ्या ॲसिडच्या धुरानं खोकला धरला. बांगड्या आटवायला आलेल्या एका बाईंनी तो ऐकला आणि मला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं. बाई मूळच्या सातारच्या. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, खोकला विसरलो.

बाई प्रोस्टेटच्या कॅन्सरवर संशोधन करत. पुरुषांच्या मूत्राशयाखाली ही ग्रंथी असते. घरी मी एवढंच सांगितलं, की बाई पोटाच्या आजाराचं बघतात. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याची साबणाच्या छोट्या वडीसारखी वडी व्हायची आणि तिचे पापुद्रे मी यंत्रावर कापायचो. वडीवर नाव नसे, फक्त आकडा.

बाईंचा एक लेख परदेशात छापून आला. दुसऱ्यांनी आपल्या लेखात त्याचा उल्लेख केला की बाई वहीत टीप करत. जितके उल्लेख, तितका शास्त्रज्ञ मोठा. आमच्याकडं लग्नपत्रिकेत नाव कितव्या ओळीत यावरून भावकी तुटते, त्यामुळं मला हे समजावून सांगावं लागलं नाही.

मग कपाट अपुरं पडायला लागलं. बाई म्हणाल्या, "त्या लेखाच्या वड्या आता टाकून दे."

गलाईवाला काही टाकत नाही. दुकानातला केर, हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवतात. त्यातून सोनं निघतं. मी 'हो' म्हणालो, वड्या ट्रंकेत भरल्या आणि दिवाळीला गावी नेऊन ज्वारीच्या कणगीत पुरल्या. उन्हाळ्यात घरात तेवढीच गार जागा.

दोन वर्षांनी परदेशातून पत्र आलं. तिथल्या लोकांना बाईंसारखा निकाल मिळत नव्हता. जुने नमुने पुन्हा तपासा, नाहीतर लेख मागं घ्या. बाई बराच वेळ पत्राची घडी घालत बसल्या.

"वड्या मीच टाकायला लावल्या," त्या म्हणाल्या. "लेख गेला. त्याच्यावर उभं केलेलं पुढचं सगळंही गेलं."

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. सांगावं तर हुकूम मोडला, नोकरी जाणार. न सांगावं तर लेख जाणार. तिसऱ्या दिवशी दारातच उभं राहून सांगितलं.

"आवं बाई, टाकल्या न्हाईत."

"मग कुठे आहेत?"

"विट्याजवळ. ज्वारीत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आजच्या गाडीला जागा मिळते का बघ."

मिरजेला रेल्वेतून उतरलो, एसटीनं विट्याला आणि तिथून चालत घरी. आई धान्य निवडत होती.

"आई, कणगीतल्या वड्या?"

"ते मेण व्हय? लय गुणाचं हाय. दार किती कुरकुरत हुतं, आता बघ."

दार उघडून दाखवलं. आवाज नव्हता.

"किती लावल्या?"

"तीन. चौथी काढणार हुते, तवर तू आलास. त्वांड का असं केलंस? जेवला न्हाईस व्हय?"

वड्यांत काय आहे हे तिला सांगायचं धाडस झालं नाही. आकडे लावून पाहिले. बाकी सगळ्या होत्या.

परत येऊन मी पुन्हा पापुद्रे कापले. निकाल पहिल्याइतका ठळक नव्हता, पण तोच होता. लेख राहिला. बाईंनी फेरतपासणीचा दुसरा लेख लिहायला घेतला.

"तीन कुठे गेल्या?"

मी खरं सांगितलं. "दाराचं लिवायचं का?"

"का नाहीत, ते त्या लोकांनी विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि लिहिलं: तीन नमुने उपलब्ध झाले नाहीत. नंतर मान वर न करता म्हणाल्या, "ह्यापुढे टाक म्हटलं तरी मला दोनदा विचारायचं."

नोकरी राहिली. पुढं बाईंच्या कुठल्याही कामापेक्षा त्या दुसऱ्या लेखाचे उल्लेख जास्त झाले. त्यात आभाराच्या ओळीत माझं नाव आहे, अगदी तळाला, बारीक अक्षरात. लग्नपत्रिकेत तिथं छापखान्याचं नाव असतं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "असू दे, हाय न्हवं."

ते दार अजून कुरकुरत नाही. गावी गेलो की मी ते हळू उघडतो. त्या तिघांचे आकडे मला पाठ आहेत.